डेन्व्हर आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्क: सहल आखताना आधी उंची बघा

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरून बॅगा घेतल्या की तुम्ही जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर उभे असता, आणि सहल अजून सुरूही झालेली नसते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या दारातलं एस्टेस पार्क हे गाव २,२९३ मीटरवर, पार्कमधलं बेअर लेक हे तळं २,८८८ मीटरवर, आणि पार्क ओलांडून जाणाऱ्या ट्रेल रिज रोडची सगळ्यांत उंच जागा ३,७१३ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो.

अमेरिकेतली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन इथे जातात, आणि बहुतेकांचा आराखडा मैलांवर बेतलेला असतो. विमानतळ ते एस्टेस पार्क सुमारे ७५ मैल, दीड-दोन तास, मग शुक्रवारी रात्री उतरून तसंच वर जायचं आणि शनिवारी सकाळी ट्रेल रिज. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात शनिवारी अकरा वाजता व्हिझिटर सेंटरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी डोकं धरून बसलेलं असतं, मुलाला मळमळत असतं आणि उरलेला दिवस हॉटेलच्या खोलीत जातो. विरळ हवेचा त्रास बहुधा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी जाणवायला लागतो, त्यामुळे रात्री ‘काही होत नाहीये’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं सकाळी अडकतात. सगळ्यांत महत्त्वाची असते ती झोपायची उंची. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलं की शरीर जुळवून घेतं. पहिल्याच रात्री उंचावर झोपलं की झोपही लागत नाही आणि डोकंही दुखतं.

म्हणून शहर आधी, डोंगर नंतर. पहिल्या दोन रात्री डेन्व्हर, पुढच्या तीन एस्टेस पार्क, आणि परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाच्या आसपास. एस्टेसमधल्या पहिल्या दिवशी बेअर लेकचा भाग, ट्रेल रिज दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. सुटी चारच दिवसांची असेल तर डेन्व्हर आणि एस्टेस दोन्हीकडची एक-एक रात्र कमी करा, पण डेन्व्हरची पहिली रात्र सोडू नका. पाणी एरवीपेक्षा जास्त प्या, पहिले दोन दिवस दारू टाळा, जेवण हलकं ठेवा. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना नेमक्या उंचीचे आकडे सांगून विचारावं. उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी देतात, पण ती सल्फा गटातली आहे आणि काहींना त्या गटाची अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. वर डोकं दुखू लागलं आणि पाणी पिऊन, बसूनही थांबलं नाही तर औषध एकच, खाली उतरणं. पाचशे मीटर उतरलं तरी फरक पडतो. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर वाट न बघता उतरा आणि थेट दवाखाना गाठा.

परवानगीचं गणित

उंचीनंतरचा दुसरा अडसर म्हणजे प्रवेशाची वेळ. गेली काही वर्षं मेच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या पार्कमध्ये शिरायला वेळेचं रिझर्व्हेशन लागतं. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी पार्कच्या अधिकृत साइटवर त्या वर्षाचे नियम बघा. रिझर्व्हेशन दोन प्रकारचं असतं. एक बेअर लेक रोडसह, जे पहाटे ५ ते संध्याकाळी ६ या वेळात लागतं. दुसरं बेअर लेक रोड सोडून बाकी पार्कसाठी, जे सकाळी ९ ते दुपारी २ या वेळात लागतं. तुम्हाला दोन तासांची खिडकी मिळते, त्या दोन तासांत गेटमधून आत शिरायचं. आत गेल्यावर कितीही वेळ थांबता येतं, पण बाहेर पडून पुन्हा येताना वेळेचा प्रश्न उभा राहतो.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर होतं, शुल्क २ डॉलर. एका महिन्याची रिझर्व्हेशन्स आधीच्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८ वाजता, डेन्व्हरच्या वेळेनुसार, खुली होतात. जुलैसाठी १ जून, ऑगस्टसाठी १ जुलै. भारतातून कुणी बसून काढणार असेल तर ती वेळ संध्याकाळी साडेसातची. बेअर लेकच्या सकाळच्या खिडक्या सगळ्यांत आधी संपतात, म्हणून खातं आधीच उघडून, कार्डाची माहिती भरून, आठला दोन मिनिटं कमी असताना लॉग-इन करून बसा. हुकलं तर निराश होऊ नका. काही जागा मुद्दाम राखून ठेवतात आणि आदल्या संध्याकाळी ७ वाजता सोडतात. त्या वेळी एस्टेसमधल्या हॉटेलचं वायफाय धरून बसा. बेअर लेकचं मिळालं नाही तरी दुसरं बहुतेक वेळा मिळतं.

या वेळा नीट वाचल्या की एक सोय लक्षात येते. ट्रेल रिज रोडला बेअर लेकचं रिझर्व्हेशन लागत नाही, आणि सकाळी ९ च्या आत गेट ओलांडलं तर त्या दिवशी कसलंच लागत नाही. वर वादळाच्या भीतीने तुम्हाला सकाळी लवकर जायचंच आहे. तेव्हा रिझर्व्हेशन फक्त बेअर लेकच्या दिवसासाठी काढा आणि ट्रेल रिजच्या दिवशी सातच्या सुमारास गेटवर जा. बेअर लेकलासुद्धा संध्याकाळी ६ नंतर मोकळं जाता येतं. जुलैत सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे तळ्याभोवती एक फेरी मारून निवांत बसायला दोन तास उजेड हातात असतो.

रिझर्व्हेशन वेगळं आणि प्रवेश शुल्क वेगळं, इथे बऱ्याच जणांची गफलत होते. एका गाडीला एका दिवसाचे ३० डॉलर, सात दिवसांचे ३५. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला आहे. वर्षात तीन उद्यानं होणार असतील तर तोच घ्या. मात्र जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी नियम बदलला आहे. रॉकी माउंटन धरून अकरा गर्दीच्या उद्यानांत १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक अनिवासी पाहुण्याला नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जादा पडतात, किंवा त्यांच्यासाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. आईबाबा दोघे आले असतील आणि पुढे यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनचाही बेत असेल तर हा हिशोब घरीच करा, गेटवर नको. अमेरिकेतलं सरकारी ओळखपत्र आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. गेटवर पैसे कार्डानेच भरायचे असतात. आणि आत मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, त्यामुळे रिझर्व्हेशनचा स्क्रीनशॉट आणि ऑफलाइन नकाशा डेन्व्हरमध्येच उतरवून घ्या.

बेअर लेकचा दिवस

नकाशात नुसतं पार्कचं नाव टाकलं तर तो कुठेही नेऊन सोडू शकतो. बीव्हर मेडोज व्हिझिटर सेंटर टाका. बेअर लेक रोडसाठी हेच दार सोयीचं. तळ्याजवळचं पार्किंग उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच भरून जातं. त्याच्या पाठी लागण्यापेक्षा वाटेतल्या मोठ्या पार्क अँड राइड तळावर गाडी लावून फुकट शटलने वर जा. पण शटलने गेलं तरी बेअर लेक रोडचं रिझर्व्हेशन लागतंच, कारण तो तळही त्याच रस्त्यावर आहे.

आजीआजोबा आणि लहान मुलं असतील तर स्प्रेग लेकपासून सुरुवात करा. जवळजवळ सपाट वाट, व्हीलचेअर जाईल अशी, तळ्याला वळसा घालायला अर्धा तास. वारा पडलेला असताना समोरचे सगळे डोंगर पाण्यात दिसतात, तेही सकाळी आठच्या आत. बेअर लेकची फेरीसुद्धा मैलाच्या आतली आहे, थोडे चढउतार आहेत. चालणाऱ्या मंडळींनी तिथून निम्फ, ड्रीम आणि एमराल्ड ही तीन तळी करावीत. निम्फ अर्ध्या मैलावर, ड्रीम मैलभरावर आणि एमराल्ड जवळपास पावणेदोन मैलांवर. एकूण चढ सुमारे २०० मीटर, सह्याद्रीत भटकणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे तो तीन हजार मीटरवर आहे, म्हणून सिंहगडाच्या वेगाने निघालात तर निम्फपाशीच दम लागेल. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवा आणि जाऊन येऊन तीन तास धरा. वेळ कमी असेल तर ड्रीम लेकवरून परत फिरा. माझ्या मते तिन्हींत देखणं तेच आहे, लांबट, उथळ, काठाशी ट्राउट मासे दिसतील इतकं नितळ.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या वाटेवर बर्फ असतो, हे भारतातून तिकिटं काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हजारो पावलांनी तुडवलेला तो बर्फ सकाळी काचेसारखा घट्ट असतो आणि दुपारी त्याचा चिखल होतो. बुटांवर चढवायचे लोखंडी दात्यांचे मायक्रोस्पाइक्स एस्टेसच्या दुकानांत दिवसाच्या भाड्याने मिळतात, ते घ्या. स्पोर्ट्स शूज घालून घसरणारी माणसं तिथे रोज दिसतात.

ट्रेल रिज रोड

एस्टेस पार्क ते ग्रँड लेक असा हा ४८ मैलांचा रस्ता. त्यातले अकरा मैल वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरून जातात. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारा याहून उंच सलग डांबरी रस्ता अमेरिकेत नाही. साधारण मेच्या शेवटी उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात बंद होतो, पण जूनमध्येही एखाद्या रात्रीच्या बर्फाने अर्धा दिवस बंद राहू शकतो. म्हणून निघण्याच्या सकाळी पार्कच्या रस्त्यांची माहिती देणाऱ्या फोन लाइनवर किंवा साइटवर खात्री करा.

सातला गेट, मग मेनी पार्क्स कर्व्ह आणि रेनबो कर्व्ह या देखाव्याच्या वळणांवर न थांबता वर जा. हे दोन्ही परतताना बघता येतात. रेनबो कर्व्हच्या पुढे झाडं खुजी होत जातात, आणि शेवटची काही तर जमिनीसरपट असतात. त्यांच्या फांद्या एकाच बाजूला वाढलेल्या दिसतात, कारण पश्चिमेकडून येणारा वारा आणि त्यातले बर्फाचे कण दुसऱ्या बाजूचे कोंब जगूच देत नाहीत. रस्त्याच्या कडेला उंच लाकडी खांब रोवलेले दिसतील. वसंतात बर्फ काढणाऱ्या यंत्रांना रस्त्याची कड कळावी म्हणून ते आहेत, आणि त्यांच्या उंचीवरून हिवाळ्यात इथे काय होत असेल याचा अंदाज येतो.

थांबायचं ते रॉक कट इथे. तिथून टुंड्रामधून, म्हणजे झाडं नसलेल्या थंड, खुरट्या माळावरून, जाणारी अर्ध्या मैलाची पक्की वाट आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात इथे वाकून बघा. तळहाताएवढी हिरवी उशी, आणि त्यावर इवली इवली गुलाबी फुलं खच्चून भरलेली. हे मॉस कॅम्पियन. अशी उशी वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि एका बुटाने ती मरते, म्हणून फोटोसाठी वाटेबाहेर पाऊल टाकू नका, मुलांनाही आधीच समजावा. खडकांमधून चिक्‌ असा आवाज आला तर थांबून बघा, तोंडात गवताची जुडी धरून पळणारा पिका, सशाच्या कुळातला मूठभर प्राणी, दिसेल. हिवाळ्यासाठी तो गवत वाळवून साठवतो.

पुढे ३,५९५ मीटरवर अल्पाइन व्हिझिटर सेंटर. पार्कमध्ये खायला विकत मिळण्याची जागा ही एवढीच, शेजारच्या दुकानात. पेट्रोल मात्र पार्कमध्ये कुठेच नाही, एस्टेसमध्ये टाकी भरून निघा. कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. भाड्याच्या गाडीच्या झाकणावर किमान ८७ लिहिलेलं असेल तर मधल्या दर्जाचं भरा. वरचं तापमान एस्टेसपेक्षा ११ ते १६ अंश सेल्सियसने कमी असतं आणि वारा वेगळाच, त्यामुळे जुलैतही जाड जाकीट, कानटोपी आणि हातमोजे गाडीत हवेत. ऊन मात्र भाजून काढतं. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका.

दुपारी बाराच्या आत वृक्षरेषेखाली उतरा, ही गोष्ट मी सगळ्यांत कळकळीने सांगेन. जुलै-ऑगस्टमध्ये या भागातही मोसमी वारे दक्षिणेकडून बाष्प आणतात. सकाळी उतार तापतात, बाष्प वर चढतं, आणि एकच्या सुमारास स्वच्छ निळ्या आकाशाच्या जागी काळा ढग उभा असतो. वर झाड नाही, घर नाही, सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच. गडगडाट ऐकू आला की फोटो सोडून गाडीत शिरा आणि काचा वर करा, बंद गाडी सुरक्षित असते. अशा वादळांत या पार्कमध्ये माणसं दगावलेली आहेत.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ऑटोमॅटिक गाडीतही एल, एस किंवा मॅन्युअल मोड असतो, तो वापरून इंजिनवर गाडी रोखा. दर वळणाला ब्रेक दाबत आलात की दहाएक मैलांत ते तापून वास मारतात आणि पेडल मऊ पडतं. तसं झालं तर पुढच्या थांब्यावर गाडी लावून वीस मिनिटं गार होऊ द्या, पाणी ओतू नका. बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कठडा नाही. गाडी चालवणाऱ्याने दरीकडे बघायचं ते गाडी थांबवूनच.

जुन्या फॉल रिव्हर रोडबद्दल थोडक्यात. हा १९२० मध्ये पुरा झालेला, खडीचा, वरच्या दिशेने एकेरी रस्ता, वेगमर्यादा ताशी १५ मैल. जुलैच्या सुरुवातीला उघडतो. साध्या गाडीने जाता येतं, पण मध्येच मागे फिरता येत नाही. घाटात पोटात ढवळणारं कुणी बरोबर असेल तर सोडून द्या.

जनावरं, जेवण, मुक्काम

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा काळ. मोरेन पार्क आणि हॉर्सशू पार्कच्या कुरणांत संध्याकाळी नर शीळ घातल्यासारखे ओरडतात. त्याच सुमारास अ‍ॅस्पेनच्या झाडांची पानं पिवळी होतात, गर्दी उन्हाळ्यासारखीच पण वादळं कमी. मला विचाराल तर सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा हाच सगळ्यांत चांगला. सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत कुरणांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत पायी उतरायला बंदी असते, रस्त्यावरूनच बघायचं. एल्कपासून किमान २३ मीटर, मूस आणि अस्वलापासून ३६ मीटर अंतर हा नियम आहे. मूस, म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण, शांत दिसतो म्हणून लोक जवळ जातात, आणि बरोबर पिल्लू असलेली मादी सरळ अंगावर येते. मूस बघायचा असेल तर पश्चिमेकडचं ‘कावुनीची’ नावाचं खोरं. तिथे २०२० च्या ईस्ट ट्रबलसम वणव्यात जळालेलं जंगलही दिसतं, काळे बुंधे आणि खाली नवी हिरवळ. गाडीत खाण्याच्या पिशव्या ठेवून दारं उघडी टाकू नका. अस्वलांना गाडीचं हँडल उघडता येतं.

एस्टेसमध्ये शाकाहारी खाणं मिळतं पण रोज रोज पिझ्झा होतो, म्हणून स्वयंपाकघर असलेलं केबिन बघा, आणि जुलैसाठी ते जानेवारी-फेब्रुवारीतच धरा. डाळ, तांदूळ, मसाले डेन्व्हरजवळच्या अरोरा भागातल्या भारतीय दुकानांतून घेऊन वर जा. २,३०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर उकळूनही दाणा दाणा राहते. छोटा कुकर किंवा इन्स्टंट पॉट बरोबर घ्या, डाळ तासभर भिजवा आणि एक-दोन शिट्ट्या जास्त करा. हवा फार कोरडी आहे, पोळ्या उघड्या राहिल्या की कडक होतात. वाटेसाठी दुधातल्या दशम्या, मेतकूट आणि सुकी चटणी हे पोळी-भाजीपेक्षा बरं टिकतं.

डेन्व्हरचे दिवस आणि परतीचा रस्ता

विमानतळावरून युनियन स्टेशनला थेट ट्रेन आहे, ३७ मिनिटांची. शहरातल्या दोन दिवसांना गाडी लागत नाही, तेव्हा भाड्याची गाडी तिसऱ्या दिवशी घेतली तर पार्किंगचे पैसे वाचतात. राज्य विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘एक मैल उंच’ अशा तीन खुणा आहेत, कारण मोजमाप वेळोवेळी सुधारत गेलं, मुलांना त्या शोधायला आवडतात. बोटॅनिक गार्डन्स आणि निसर्गविज्ञान संग्रहालय हे आरामाच्या दिवसाला योग्य. रेड रॉक्सचं खुलं प्रेक्षागृह सकाळी बघा, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच बंद करतात. मात्र तिथल्या पायऱ्या पहिल्या दिवशी चढू नका, ते ठिकाण शहराहूनही सुमारे ३५० मीटर उंच आहे.

गाडी घेताना टोलचं विचारून घ्या. विमानतळाजवळच्या ई-४७० रस्त्यावर टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, आणि भाड्याच्या गाडीवर टोलपेक्षा सेवाशुल्कच जास्त लागतं. नकाशात ‘टोल टाळा’ हा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो.

परतताना बोल्डर शहरावरून ज्या रस्त्याने वर आलात तो पुन्हा न धरता ट्रेल रिज ओलांडून ग्रँड लेक, ग्रँबी, बर्थूड खिंड आणि मग आय-७० महामार्ग असा गोल मारता येतो. वाटेत मिल्नर खिंडीत खंडाची पाणलोटरेषा लागते, पूर्वेचं पाणी अटलांटिककडे, पश्चिमेचं कोलोरॅडो नदीत. दिवस सुंदर जातो, पण रविवार सोडून. रविवारी दुपारी आय-७० वर डेन्व्हरकडे येणारी वाहनं तासन्‌तास खोळंबतात. रविवारीच परतायचं असेल तर एस्टेसहून लायन्स-बोल्डरमार्गे खाली या आणि विमानाच्या वेळेआधी साडेचार तास एस्टेस सोडा.